सोनारीतली शेंगापोळी

आमच्या घरात कुठल्याही देवाचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तिथं खायाला काय मिळतं?" हे पोरंसोरं विचारत नव्हती, आमचे अज्जा विचारायचे. अज्जा म्हणजे माझ्या वडलांचे वडील. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात पांढरी बंडी आणि डोक्यात सदानकदा पुढच्या प्रवासाचा बेत. येडशीला स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. तिची शिट्टी ऐकू आली की अज्जा तराजू हातात तसाच धरून रस्त्याकडं बघत राहायचे आणि म्हणायचे, "कुर्डुवाडीला भजी सोडली असतील आता कढईत." समोरचं गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, "मालक, माझी तूरडाळ!" तेव्हा कुठं ते भानावर यायचे.

खाण तशी माती म्हणतात, तसे आमचे अप्पा. माझ्या वडलांना मी अप्पा म्हणायचे आणि आईला अव्वा. आमच्याकडं अर्धं कानडी चालायचं, जेवायला या असं म्हणायच्या ऐवजी अव्वा स्वयंपाकघरातून नुसतं "ऊटा!" म्हणून ओरडायची. बापलेक त्या एका हाकेला दुकान टाकून धावायचे. दोघांना फिरायचं वेड, दोघांना खायचं वेड, आणि देव हा नुसता बहाणा. तुळजापूरला जायचं ते येताना लागणाऱ्या हॉटेलातल्या मिसळीसाठी, कुंथलगिरीकडं जायचं ते पेढ्यासाठी, आणि पार गुलबर्ग्यापर्यंत जायचं ते कुणा पाव्हण्याकडं ज्वारीच्या कडक भाकरी चांगल्या होतात म्हणून. अव्वा म्हणायची, "ह्या बापलेकांना देव कधी पावायचा न्हाय, आचारी तेवढा पावतोय." म्हणायची आणि गुपचूप दशम्या बांधून द्यायची. मी एकुलती एक, आणि चालताना कुरकुर करत नाही एवढ्या एका गुणावर मला बरोबर न्यायचे.

प्रवासाला निघताना एक जाड खाकी पिशवी असायची. तिच्यात पितळी स्टोव्ह, रॉकेलची बाटली, तीन ताटल्या, तांब्या, चहाचं सामान आणि फडक्यात बांधलेलं खाणं. ती पिशवी अज्जा कुणाच्या हातात देत नसत. आणि अज्जांची जीभ म्हणजे काय सांगू! आमटीचा एक घोट घेऊन सांगायचे, हे पाणी आडाचं आहे का नदीचं. गूळ जिभेवर ठेवून सांगायचे, हा औंदाचा का गेल्या सालचा. निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले, त्यामुळं एखादी गोष्ट मनासारखी झाली की त्यांचा एकच शब्द असायचा, "लज्जत हाय!" तो शब्द वर्षातून फार तर चारदोनदा ऐकायला मिळायचा. अव्वाच्या येसर आमटीला तो मिळाला तर ती दिवसभर गुणगुणत फिरायची.

आणि भांडण! हे दोघं भांडल्याशिवाय कधी जेवलेच नाहीत. अज्जा म्हणणार, "खोबरं जरा जास्त भाजलंय." अप्पा लगेच, "जास्त न्हाय बाबा, बरोबर भाजलंय. तुमची जीभ थकली आता." "माझी जीभ थकली? अरे, तू दुपट्यात हुतास तवा ही जीभ हैदराबादेत चहा पारखत हुती!" "चहाच पारखला, आमटी कुठं पारखली?" असं ताट रिकामं होईस्तोवर. अनोळखी माणूस असेल तर त्याला वाटायचं, आता हे एकमेकांच्या अंगावर जातात. एकदा बार्शीच्या एका खानावळीत मालक हात जोडून मधे पडला होता. त्याला काय माहीत, ही त्यांची माया होती.

माया का, ते मला अव्वानं सांगितलं होतं. अप्पा अगदी लहान असताना त्यांची आई वारली. त्यानंतर पोराच्या घशाखाली घरातला घास उतरेना. चूल बघितली की तोंड फिरवायचं. बायाबापड्या येऊन भरवून गेल्या, पोर तोंड उघडेना. पोर हातचं जातंय असं वाटल्यावर अज्जांनी एक दिवस दुकानाला कुलूप घातलं, त्याला खांद्यावर घेतलं आणि गाडीत बसवलं. कुठं जायचं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुर्डुवाडीला फलाटावर भजी निघत होती. अज्जांनी एक फुंकून त्याच्या हातात दिलं. पोरानं खाल्लं आणि कितीतरी दिवसांनी तोंडातून शब्द काढला, "तिखट हाय." अज्जा रडत रडत म्हणाले, "तिखट न्हाय रे, खारट हाय." "न्हाय, तिखटच हाय!" तिथून जे भांडण सुरू झालं ते मी जन्माला येऊन मोठी झाले तरी चालूच होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात जेवण म्हणजे प्रसाद. आधी लिंगाला दाखवायचं, मग खायचं आणि ताटात कण ठेवायचा नाही. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. लहानपणी मला ते कसंतरीच वाटायचं. पण अज्जा अगदी शेवटचा घोट घेऊन ताट उपडं करून दाखवायचे, बघ, सांडलं का काही? आजही मी ताटात टाकत नाही. माझी सून हसते, हसू दे.

तर मग अज्जा पडले. बार्शीच्या स्टेशनात गाडीतून उतरताना पाय चुकला आणि मागच्या मागं डोक्यावर आदळले. टाके पडले, काही दिवस अंथरुणात गेले. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं, थोडक्यात निभावलं. चालणं ठीक, बोलणं ठीक, हिशोबही पूर्वीसारखा तोंडपाठ. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. अव्वानं गव्हाची हुग्गी, म्हणजे आमची गुळातली खीर, केली, अज्जांनी वाटी संपवली आणि म्हणाले, "लज्जत हाय." अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी साध्या पिठल्याला म्हणाले, "लज्जत हाय." तिसऱ्या दिवशी भाकरी जरा करपली होती, तिलाही तेच. अव्वा म्हणाली, "मरण बघून आलं की माणूस मवाळ होतंय." आम्हाला खरंच तसं वाटलं. एकदा चुलीवर दूध करपून घरभर वास सुटला, अज्जा शेजारीच पाटावर बसून होते, हलले नाहीत. एकदा खवट तेल त्यांनी गिऱ्हाइकाला दिलं, ते परत आलं. आता मागं वळून बघितलं की हे सगळं एका ओळीत उभं राहतं, पण तेव्हा एकालाही काही दिसलं नाही. अप्पांनाही नाही. म्हातारपण, असं म्हणून सगळे मोकळे.

टाके वाळल्यावर अज्जांनीच हट्ट धरला, "मला कुठंतरी न्या." अप्पा नको म्हणत होते. शेवटी लांब नाही आणि गर्दीचे दिवस नाहीत म्हणून सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जायचं ठरलं. अव्वानं आदल्या दिवशी शेंगा भाजल्या, कुटल्या, गूळ मिसळून शेंगाच्या पोळ्या लाटल्या. शेंगापोळी म्हणजे अज्जांचा जीव की प्राण. पोळ्या फडक्यात बांधून खाकी पिशवीत गेल्या, शेजारी स्टोव्ह, शेजारी रॉकेलची बाटली. नेहमीसारखंच सगळं. फक्त बाटलीचं बूच हरवलं होतं म्हणून अव्वानं चिंधीचा बोळा घट्ट बसवला होता. घट्ट म्हणजे तिच्या मते घट्ट.

बार्शीपर्यंत गाडी, तिथून परंड्याला बस, परंड्याहून सोनारी. त्या शेवटच्या रस्त्यानं आम्हाला असं उधळलं की माझे दात वाजत होते. अज्जा पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणाले, "अज्जा, कशाचा तरी वास येतोय." अप्पा म्हणाले, "बसचाच असंल, डिझेलचा." अज्जा काहीच बोलले नाहीत. एरवी डिझेलचा का रॉकेलचा यावर परंड्यापासून सोनारीपर्यंत वाद झाला असता.

दर्शन झालं. सोनारी म्हणजे माकडांचं गाव. देवळाच्या भिंतीवर, शिखरावर, लोकांच्या पत्र्यांवर, जिकडं बघावं तिकडं माकडं. देवळाबाहेर झाडाखाली सावली बघून अज्जांनी बैठक मारली. अप्पा मला घेऊन पाणी आणायला गेले. आम्ही तांब्या भरून परत आलो तर अज्जांनी तीन ताटल्या मांडून पोळ्या वाढल्या होत्या, लिंगाला दाखवून त्यांची अर्धी पोळी खाऊनही झाली होती.

"या लवकर," अज्जा म्हणाले. "सूनबाईनं कमाल केलीय. लज्जत हाय बघ!"

मी बसले आणि मोठा घास घेतला. आई गं! आजही ते आठवलं की माझं तोंड वाकडं होतं. पोळी रॉकेलनं भिजली होती. नुसता वास नाही, सगळी पोळी. घास तोंडात फिरेना, गिळवेना. मी ओरडणार तेवढ्यात अप्पांनीही घास घेतला होता आणि आमची नजरानजर झाली. अप्पांचा चेहरा असा झाला की मी ओरडायचंच विसरले. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं मला दिसलं. ते पोळीकडं बघत नव्हते. ते अज्जांकडं बघत होते.

अज्जा मजेत खात होते. "शेंगा मंद आचेवर भाजल्यात," ते सांगत होते. "सालं नीट पाखडलीत. आन् गूळ हाय तो औंदाचा न्हाय, जुना हाय. जुन्या गुळालाच हा खमंगपणा येतोय." एकेक गोष्ट अशी रंगवून, डोळे मिटून सांगत होते आणि त्यांच्या बोटांना रॉकेल लागलेलं मला दिसत होतं. मी हबकून गेले. माझे अज्जा खोटं बोलत होते! गिऱ्हाइकाला चिमूटभर साखर कमी गेली तर मागं पळत जाणारे माझे अज्जा. त्यांना कशाचीच चव लागत नव्हती आणि ते जुन्या आठवणीतली पोळी आम्हाला सांगत होते.

मी अप्पांकडं बघितलं. आता अप्पा भांडतील, म्हणतील, "कसला खमंगपणा बाबा, टाका ती पोळी." अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून जोरात दाबला. तोंडातला घास गिळला. आणि हसून म्हणाले, "व्हय बाबा. लज्जत हाय."

दुसरा धक्का तो. अप्पांनी अज्जांना व्हय म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

अज्जांचा हात थांबला. क्षणभर त्यांनी अप्पांकडं निरखून बघितलं. मग म्हणाले, "मग घे की अजून एक." आणि फडक्यातली दुसरी पोळी अप्पांच्या ताटलीत वाढली. अप्पांनी ती पण खाल्ली. घास घास करून, चावून, मान डोलवत. डोळ्यांतून पाणी येत होतं, तर म्हणाले, "उन्हाची तिरीप यितीय." सावलीत बसून! मग तांब्यातलं पाणी ताटलीत ओतलं, बोटानं फिरवलं. पाण्यावर रॉकेलचे रंग पसरलेले मी बघितले. अप्पांनी ताटली उचलली आणि ते पाणी पिऊन टाकलं. मी खूप मोठी झाले, बाळंतपणं झाली, घरातली माणसं गेली, पण त्या ताटलीतल्या पाण्यानं जेवढी हादरले तेवढी कशानं हादरले नाही.

माझी पोळी तशीच होती. टाकायची नाही, खाववत नाही. मागं एक माकडीण येऊन बसली होती. मी हळूच पोळी तिच्याकडं सरकवली. प्रसाद माकडाला दिला तर टाकल्यासारखा होत नाही, असा आपला माझा हिशोब. तिनं झडप घालून पोळी घेतली, नाकाशी नेली, आणि दिली भिरकावून. वर हात पाल्याला पुसला. पोळी बरोबर अज्जांच्या पुढ्यात येऊन पडली.

सोनारीच्या माकडानं खाणं टाकलेलं कुणी बघितलंय का? हातातला नारळ ओढून नेणारी ती माकडं! अज्जा त्या पोळीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "नीलव्वा," फार मऊ आवाजात म्हणाले, "तू सांग. काय लागलंय पोळीला?"

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी मान खाली घातली होती. मी म्हणाले, "रॉकेल, अज्जा."

अज्जांनी ते फडकं उचललं, नाकाला लावलं आणि मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. फडकं खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली.

"तू व्हय म्हणलास ना," ते अप्पांना म्हणाले, "तवाच माझ्या काळजात चर्र झालं. जल्मात माझ्या व्हयला तू व्हय म्हणला न्हाईस."

"कवापासनं बाबा?"

"पडल्यापासनं. गोड कळतंय, खारट कळतंय, मिरची जाळतीय. बाकी समदा खडू. वास तर कशाचाच न्हाय."

"मग सांगितलं का न्हाय?"

"सांगून काय करू? आंधळ्याला कुणी जत्रा दाखवाया नेतंय का? चव न्हाय म्हणल्यावर तू कशाला मला संगं घिऊन फिरशील? काय बोलशील माझ्याशी?"

अप्पांनी तोंड उघडलं, पण बोलण्याच्या ऐवजी ते उठले आणि देवळाच्या भिंतीमागं पळाले. त्यांची ओकारी आम्हाला ऐकू आली. अज्जा तांब्या घेऊन उठले, त्यांच्या मागं गेले आणि पाठीवर हात फिरवत उभे राहिले. "मूर्ख," ते म्हणत होते. "मूर्ख हायस तू. दोन खाल्ल्यास? मला म्हाताऱ्या माणसाला काय झालं असतं? तू कशाला खाल्ल्यास रे?" मी पिशवीजवळ एकटी बसून रडत होते आणि ती माकडीण माझ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर अव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, माझ्या हातानं!" करत ती कितीतरी वेळ नुसती आत-बाहेर करत राहिली. दोघांना ताक पाजलं, लिंबू दिलं. रॉकेल उतरलं, पण खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. अज्जांचं जेवण सुटलं. ताटात टाकायचं नाही हा नियम, म्हणून ते ताटात घेईनासेच झाले. आधी एक भाकरी, मग अर्धी, मग चतकोर. "बास," म्हणायचे आणि ताटावर आडवा हात धरायचे. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, तर लज्जत हाय म्हणायचंही कारण उरलं नाही. गाडीची शिट्टी झाली तरी रस्त्याकडं बघायचे नाहीत. अप्पा समोर बसून मुकाट जेवायचे. दोन माणसं समोरासमोर बसून गप जेवतायत, हे आमच्या घरात इतकं भयंकर होतं की अव्वा पदर तोंडाला लावून चुलीकडं तोंड करून बसायची. अज्जांच्या गालाची हाडं दिसायला लागली. माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं आणि डॉक्टर म्हणत होते, ह्याला औषध नाही, येईल तर आपोआप येईल. मला सारखं वाटायचं, मी तेव्हा रॉकेल म्हणाले नसते तर? अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "न्हाय नीले. खोटं मी बोललो. तू बोलायच्या आधीच माझं खोटं पकडलं त्यांनी."

मग एका दुपारी अप्पांनी भर बाजाराच्या वेळी दुकानाला कुलूप घातलं. अव्वा बघतच राहिली. अप्पांनी अज्जांचा कोट खुंटीवरून काढला आणि त्यांच्या पुढं धरला.

"कुठं?" अज्जा म्हणाले.

"कुर्डुवाडीला."

"कशाला?"

"भजी खायाला."

"मला कळत न्हाय, ठाऊक हाय न्हवं तुला?"

"मला कळतंय की. चला."

मी आपली न विचारता मागं निघाले. गाडीत अज्जा भिंतीकडं तोंड करून बसले. कुर्डुवाडीचा फलाट आला. तोच कढईचा आवाज, तीच गर्दी. अप्पांनी कागदावर भजी आणली, एक खाल्लं आणि तोंड वाकडं केलं.

"ओवा न्हाय ह्याच्यात," अप्पा म्हणाले. "बेसन पण जुनं हाय. बाबा, कुर्डुवाडीचं भजं संपलं आता. खरं सांगू का, पयल्यापासनंच हे असंच हुतं. तुमीच उगं डोक्यावर घिऊन नाचत हुतासा."

मी हबकले. असं कुणी बोलतं का आजारी म्हाताऱ्याशी! अज्जा सावकाश वळले. त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणलास?"

"ओवा न्हाय म्हणलो."

अज्जांनी कागदातलं भजं उचललं, कानाजवळ नेऊन मोडलं, त्याचे दोन तुकडे अप्पांच्या नाकापुढं धरले. "डोळं हायती का बटणं? हा काय ओवा! हा काय, हा काय! आन् जुन्या बेसनाचं भजं असा आवाज करतंय व्हय? ते मऊ पडतंय, फदफदीत! तुला काय कळतंय रे?" असं म्हणत त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि कुरकुर वाजवत चावून दाखवला. "ऐक! ऐक आता!" आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"आवाजाचं काय घेऊन बसलाय, चव न्हाय."

"ती तू सांगणार मला? तिखट हाय का खारट हाय ते तरी कळलं हुतं का तुला?"

दोघंही थांबले. अज्जांनी दुसरं भजं घेतलं, त्याच्याकडं बघत म्हणाले, "चव गेली ती गेली. तू मातूर आता परत व्हय म्हणू नगंस मला. मेलेल्या माणसाला व्हय म्हणत्यात. भांड की रे माझ्याशी."

अप्पा डोळे पुसत म्हणाले, "तिखटच हुतं."

"खारट हुतं," अज्जा म्हणाले आणि भजं तोंडात टाकलं.

अज्जांची चव परत कधीच आली नाही. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले आणि बरीच गावं फिरले. ते कानानं खायचे, दातानं खायचे, बोटानं खायचे. भाकरी मोडल्याच्या आवाजावरून ज्वारी ओळखायचे. वासाचं आणि चवीचं अप्पा सांगायचे, आणि अज्जा ते खोडून काढायचे. ज्या गोष्टीतलं एकाला काहीच कळत नाही त्यावर दोघं एवढं भांडू शकतात, हे बघून पाव्हणे चाट पडायचे. आम्ही नाही.

हे सगळं आज का लिहायला बसले, तर अप्पा गेले. धाराशिवला माझ्याच घरी होते. अंगावरून वारं गेल्यानं गिळता येईना, नाकातून नळी घातली. ज्या माणसानं एवढा मुलूख खात पालथा घातला त्याला नळीतून पांढरं पाणी जाताना बघायचं! पहिल्यांदा ती नळी बघितली तेव्हा मी दाराची चौकट धरून उभी राहिले. बोलणं पण जवळजवळ बंद झालं होतं. सगळे येऊन मऊ आवाजात म्हणायचे, "बरं वाटतंय ना अप्पा? होईल हं सगळं ठीक." अप्पा डोळे मिटून घ्यायचे. मी पण तेच म्हणत होते, मूर्खासारखी.

एका संध्याकाळी माझा मुलगा आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडून परत आला. रस्त्यात थांबून सवयीनं त्यानं अप्पांसाठी कुंथलगिरीचा पेढा घेतला होता. लहानपणापासून अप्पांच्या बोटाला धरून तो पेढे खात फिरलेला. घरात पाय ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो पुडा पाठीमागं धरून दारातच उभा राहिला, मोठा बाप्या असून तोंड रडवेलं. मी त्याच्या हातातून पुडा घेतला. अप्पांच्या उशाशी जाऊन बसले, पुडा उघडला आणि एक पेढा तोंडात टाकला. मुलगा म्हणाला, "आई, काय करतीस! त्यांच्यासमोर?"

"अप्पा," मी मोठ्यानं म्हणाले, "पेढा पार बिघडवलाय मेल्यांनी. खवा कच्चा ठेवलाय. नुसती साखर."

मुलगा माझ्याकडं असा बघत होता जशी मी कधीकाळी कुर्डुवाडीच्या फलाटावर अप्पांकडं बघत होते. अप्पांनी डोळे उघडले. नाकातल्या नळीच्या बाजूनं त्यांनी श्वास ओढला, एकदा, पुन्हा एकदा. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"भाजलाय," अप्पा म्हणाले. "वास... येतोय की. तुला... काय कळतंय."

आणि मग मी भांडले त्यांच्याशी. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी चांगली तोंडभरून भांडले.